बेज्जूरला जाऊन कोरियन बोलले त्याची गोष्ट

"कोरियन शिकायला किती दिवस लागतात?" हा प्रश्न तुम्ही मला या ब्लॉगवर नेहमी विचारता. पहिल्यांदा तो नव्वदच्या दशकात, आमच्या तामसी गावाहून आदिलाबादला जाणाऱ्या बसमध्ये एका आजोबांनी विचारला होता. त्यांच्या मांडीवर कोंबडी होती.

निघण्याचं कारण असं. मामेभावाने हैदराबादच्या फुटपाथवरून कोरियन शिकवणारं जुनं इंग्रजी पुस्तक आणलं होतं. सोबतची कॅसेट हरवलेली. वर्षभर मी एकटीच मोठ्याने वाचत होते. कोरियन बोलणारं माणूस कधी ऐकलंच नव्हतं. बाबा मास्तर, चौथीपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलेलं. ते म्हणाले, "तू म्हन्तेस थे कोरियनच हाय, हे कोन सांगावं?" तेवढ्यात बेज्जूरहून निरोप आला. आत्याच्या नणंदेकडे नागपूरच्या भन्तेजींसोबत एक कोरियन भिक्खुणी उतरणार होती. बाबांनी अट घातली, "तिले तुहं एक वाक्य समजलं तं शीक. नाही तं मुकाट्यानं टीटीसीचा फार्म भर." म्हणजे मास्तरकीचं ट्रेनिंग. साक्षीदार म्हणून आत्या सोबत आली.

"चिनीवानी हजार अक्षरं असतीन?" आजोबांनी विचारलं.

"नाही, मूळ अक्षरं चोवीसच."

"आपल्याहून कमी! मंग तुले वर्ष काऊन लागून राह्यलं?"

पुढच्या सीटवरच्या बाईला काळजी वेगळीच. "नवऱ्याले अहो म्हन्तात का तिकडं?" मी सांगितलं, मोठ्यांशी बोलताना क्रियापदच बदलतं, आणि ते मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं. कंडक्टरने तिकीट फाडत विचारलं, "इससे नौकरी मिलती क्या?"

"भेटली का तुह्या बसमंदी पाय नाही ठेवत आमी," आत्या म्हणाली.

बेज्जूरला जाणार असाल तर सांगते. आदिलाबादहून उटनूरमार्गे आसिफाबादची बस धरा. केरामेरीच्या घाटात पोट ढवळतं, म्हणून पुढची जागा पकडा. आसिफाबादच्या स्टँडवर घाटानंतर लगेच मिरची भजी खाऊ नयेत. आत्याने दोनदा खाल्ली आणि तिला काही झालं नाही. तिथून पुढे कागजनगरला आम्ही ओळखीच्यांकडे मुक्काम केला. बेज्जूरची सकाळची बस चुकली की दुपारपर्यंत स्टँडवरच. पुढे दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, पण मी ते पाहिलं नाही. वाक्य घोकत होते.

नणंदेच्या अंगणात जयभीम झाला. भिक्खुणी चटईवर बसली होती. पन्नाशीची, टकटकीत डोळ्यांची. मी वाकून नमस्कार केला आणि वर्षभराची तयारी एका दमात म्हटली: मी कोरियन शिकते आहे, माझे उच्चार बरोबर आहेत का?

तिने डोळे मिटले, हात जोडले. माझं संपल्यावर गंभीरपणे म्हणाली, "साधु, साधु."

तिला वाटलं, मी पालीतली गाथा म्हणते आहे. अंगणातल्या बायांनीही हात जोडून "साधु, साधु" म्हटलं. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "फार्म भरा लागते आता."

मग जेवणं. भिक्खुणी लसूण खात नाही असं आधीच कळवलं होतं. यजमानीणबाईंनी त्याची भरपाई मिरच्यांनी केली होती. ज्वारीच्या भाकरीवर ठेच्याचा हिरवा गोळा. भिक्खुणीने अर्धा उचलला. परदेशी पाहुणीचं काही झालं तर? मी ओरडलेच, "मेवोयो!" म्हणजे तिखट आहे!

तिचा हात थांबला. माझ्याकडे पाहून ती खळखळून हसली. "आन मेवोयो," म्हणजे तिखट नाही, आणि हातातला गोळा तोंडात टाकला. मग तिने कोरियनची अशी सर सोडली की मला चारच शब्द कळले. संध्याकाळपर्यंत तिने माझ्याकडून पुस्तक वाचून घेतलं. मी एकेक अक्षर सुटं वाचत होते, ती मला अक्षरं जोडून म्हणायला लावत होती. नवशिक्यांनो, अक्षरं आधी शिका, त्यांच्याखाली देवनागरी लिहू नका, आणि बोलणारं माणूस लवकर शोधा. माझं वर्ष त्याशिवाय गेलं.

परतीच्या वाटेवर मला एकच घोर. एक शब्द म्हणजे वाक्य होतं का?

आत्याने दारातूनच हाक दिली, "दादा, घंटाभर बोलत होती तुही पोरगी!"

"बाबा, एकच शब्द बोलले," मी म्हणाले. "तिखट आहे, एवढंच. आणि ती नाही म्हणाली."

"म्हंजे तुहं खोटं पाडलं तिनं?"

"हो."

बाबांनी मिशी ओढली. "खोटं पाडाले बी आधी समजा लागते," ते म्हणाले. "शीक."

त्या प्रवासातून उच्चार राहिले, आणि ठेच्याची सवय. टीटीसीच्या फार्मची घडी करून बाबांनी ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. मुदत संपेपर्यंत मी मात्र रोज वाकून बघत होते, तो अजून भरण्याजोगा आहे ना.