डिस्ट्रिब्यूटरखालचा रंग

शेवटचे भेटलो तेव्हा दिवाकरदादा माझ्या जुन्या गाडीच्या उघड्या बॉनेटसमोर उभा होता. एक डोळा तळहाताने झाकून इंजिनकडे बघायचा, मग हात बदलून दुसरा झाकायचा. असं बराच वेळ चाललं होतं. "डावा झाकला की मोरपंखी," तो म्हणाला, "आणि उजवा झाकला की करडा-हिरवा. सुन्या, गाडी एक आणि इंजिनं दोन." उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काही आठवडे झाले होते, डाव्याचं व्हायचं होतं. गाडी तिथेच ठेवून जा, इंजिनाचा रंग काढून पुन्हा लावतो, असं त्याने मला सांगितलं. मित्राच्या मुलीच्या लग्नात वरातीला ती गाडी द्यायचं मी कबूल केलं होतं. "पुढच्या महिन्यात बघू रे," असं म्हणून मी ती घेऊन गेलो. वरात झाली, फोटो झाले... आणि त्यानंतरच्या आठवड्यात सकाळी नलूवहिनींचा फोन आला. "सुनीलभावजी, हे उठत नाहीयेत."

दिवाकरदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच मोठा. जुन्या पनवेलमध्ये त्याचा दातांचा दवाखाना होता आणि दवाखान्यामागे पत्र्याची शेड. पुढे पेशंट, मागे जुन्या गाड्या. मी नवीन पनवेलला राहायला आलो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या रविवारच्या बहुतेक सकाळी त्या शेडमध्येच गेल्या. माझी नोकरी विम्याच्या कचेरीतली. गाड्यांमधलं मला काही कळत नव्हतं. दादाने हातात दिवा दिला की तो सांगेल तिथे धरायचा, एवढंच माझं काम.

त्याचं खरं प्रेम डिस्ट्रिब्यूटरवर. जुन्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारा हा भाग, मुठीएवढा. आजच्या गाड्यांत तो नसतोच. दादा तो इंजिनातून उपसून दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायचा, पेशंटच्या तोंडात घालायचा छोटा आरसा त्याच्यावरच्या काळ्या टोपीच्या आत फिरवायचा आणि केसासारखी बारीक चीर शोधायचा. तिथूनच करंट पळतो, म्हणायचा. ठिणगीने जळलेली आतली धातूची टोकं, म्हणजे पॉइंट, दात घासायच्या बारीक कानशीने घासायचा. उरणहून जनूशेठ नावाचे एक गृहस्थ आपली गाडी आणायचे. तिकडच्या खाऱ्या हवेने त्यांच्या डिस्ट्रिब्यूटरच्या पितळेवर दर पावसाळ्यानंतर हिरवा कळंक चढायचा. दादा त्यांना विचारायचा, "शेठ, घासा घासा म्हणून सांगितलं होतं ना?" जनूशेठ म्हणायचे, "डॉक्टर, मी माजे दात घासत नाय, ह्याचे कदी घासू?"

दुसरं वेड इंजिनाच्या रंगाचं. गाडीचा बाहेरचा रंग मालक हौसेने बदलतात, पण इंजिनाला कारखान्यातून लागलेला रंग प्रत्येक बनावटीचा वेगळा असतो. वर्षानुवर्षांच्या तेलाने, उष्णतेने आणि मेकॅनिकांनी मारलेल्या चंदेरी रंगाने तो नाहीसा होतो. मग खरा रंग शोधायचा कुठे? दादाचं उत्तर ठरलेलं होतं. डिस्ट्रिब्यूटर जिथे इंजिनात बसतो तिथे त्याला आवळणारी एक पट्टी असते. त्या पट्टीखाली ना ऊन जातं ना ब्रश. तिथे बांगडीएवढं कडं मूळ रंगात शिल्लक राहतं. दादा ते कडं पेट्रोलच्या बोळ्याने हळूच पुसायचा आणि त्याच्याशी जुळेपर्यंत रंग कालवत बसायचा. सगळं इंजिन रंगवलं तरी ते कडं तो कधी रंगवायचा नाही. "पुढे कुणी उघडलं तर त्याला खरं काय ते कळायला पाहिजे," म्हणायचा.

रंगाच्या दुकानात मशीनवर रंग जुळवून देतात, असं मी एकदा सुचवलं होतं. तो दुखावलाच. आयुष्यभर त्याने खिडकीच्या उजेडात लोकांच्या दातांच्या छटा जुळवल्या होत्या. कवळीतला एक दात शेजारच्या दातापेक्षा पांढरा निघाला तर परत करायचा. असल्या माणसाला मशीन कसलं सांगायचं?

म्हणून ऑपरेशननंतर जे झालं ते त्याला फार लागलं. डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच आठवड्यात जनूशेठची गाडी शेडमध्ये आली. दादाने डिस्ट्रिब्यूटर बाहेर काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. कडं करडं-हिरवं, आणि भोवती त्याने स्वतः लावलेला रंग मोरपंखी. मोतीबिंदूने डोळ्यातली काच पिवळी होते, निळा रंग तिच्यातून नीट पोचत नाही, हे त्याला डोळ्यांच्या डॉक्टरने नंतर समजावलं. निळा जास्त झालेला दिसतच नसल्याने हा कालवताना आणखी आणखी घालत गेला होता. रंगवून झाल्यावर डिस्ट्रिब्यूटर बसला की कडं झाकलं जायचं आणि दोन्ही रंग शेजारी शेजारी कुणी पाहतच नव्हतं.

त्या दिवशी तो घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. "अरे, गाड्यांचं सोड. गेल्या पाच-सहा वर्षांत लोकांच्या तोंडात मी काय लावून ठेवलंय?" त्यावर वहिनी आतून म्हणाल्या, "हे बघा, इंजिनं काय ती परत मागवा. कवळ्या मागायला दारोदार जाऊ नका." तो हसला, पण त्या रात्री जेवला नाही असं वहिनींनी नंतर सांगितलं.

मग त्याने एकेकाला फोन सुरू केले. गाडी आणा, मी चुकीचा रंग लावलाय, पुन्हा लावून देतो. काहींनी आणली. जनूशेठनी साफ नकार दिला. "आमच्या नातीला ह्योच रंग आवडतो. आता बदलू नका डॉक्टर, पोर रडंल." दादाने त्यांच्यापुढे हात टेकले. राहिली होती ती माझी गाडी.

मला त्याने एक प्रश्न विचारला होता, तो अजून माझ्या मानेवर बसलेला आहे. "तू दिवा धरून शेजारी होतास. तुला दिसत नव्हतं?" मी पुष्कळ आठवून पाहिलं. दिसत होतं आणि भिडेपोटी बोललो नाही, असं असतं तर निदान कबूल तरी करता आलं असतं. खरं म्हणजे मी पाहिलंच नव्हतं. दादा कड्याकडे बघायचा आणि मी दादाच्या चेहऱ्याकडे. तो "जमला" म्हणाला की मला जमलेला दिसायचा. माझे दोन्ही डोळे धड होते... ते मी त्याला कधी दिलेच नाहीत.

चौदाव्यानंतर मी वहिनींना विचारून गाडी शेडमध्ये आणली. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या ना तसाच. त्यांच्या हातचा आहे." मलाही आधी तेच वाटलं होतं. पण त्याच्या हातचं म्हणून जे जपायचं, तेच त्याला पुसून टाकायचं होतं. डिस्ट्रिब्यूटर मी स्वतः उपसला. आजवर मी तो नुसता बघितला होता. पट्टीखाली कडं तसंच होतं. फिकट, थोडं मातकट, काहीसं कच्च्या तोंडलीला धूळ बसावी तसं. आणि भोवती दादाचा मोरपंखी, दिमाखदार, साफ चुकलेला.

रंग खरवडायला तीन रविवार गेले. मशीनकडे मी गेलो नाही. ते त्याला आवडलं नसतं म्हणून नव्हे... एकदा स्वतः बघायचं होतं. पांढरा, काळा, पिवळा, किंचित हिरवा. पत्र्याच्या तुकड्यावर लावायचा, वाळू द्यायचा, कड्याशेजारी धरायचा. गंमत म्हणजे ओला असताना जुळतो आणि वाळल्यावर गडद होतो. हे दादा कधी बोलला नव्हता, किंवा बोलला असेल आणि मी ऐकलं नसेल. सकाळचा रंग दुपारी वेगळा दिसतो. शेजारी लाल डबा ठेवला तरी वेगळा दिसतो. एका बांगडीएवढ्या रंगात इतकं काही असतं हे मला पन्नाशीत कळतंय.

गेल्या रविवारी मी वहिनींना बाहेर बोलावलं. त्या चष्मा लावून वाकल्या, तुकड्याकडे बघितलं, कड्याकडे बघितलं.

"झाला की. अगदी तोच आहे."

मी पुन्हा बघितलं. उजेडाकडे वळवून बघितलं.

"नाही वहिनी. अजून थोडा निळा जास्त आहे."

"मला तर दिसत नाही."

"मला दिसतोय."

त्यांनी चष्मा काढला. मग तो पदराने पुसत म्हणाल्या, "मग काय, पुढच्या रविवारीही जेवायला आहात म्हणा की," आणि आत गेल्या. मी तो तुकडा बाजूला ठेवला आणि पिवळ्याचा डबा पुन्हा उघडला.