आक्काच्या रक्ताचा रिपोर्ट

खुल्या बाजाराचं वारं बीडमध्ये जरा उशिराच पोचलं. आमच्या लॅबमध्ये ते टेम्पोतून आलं, रक्तपेशी मोजणारं यंत्र होऊन. तोवर मोजणाऱ्या आम्ही दोघी होतो, मी आणि माझ्याहून वयानं बरीच मोठी असलेली आक्का. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, त्याला रंग द्यायचा, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. आमची बोटं कायम जांभळी. भाजीवाली विचारायची, "जांभळं इकता का वं बाई?"

आक्का शिरूर कासारची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दसरा झाला की भाऊ-भावजया ऊसतोडीला जायचे, घराला उन्हाळ्यापर्यंत कुलूप. म्हणून ती बीडमध्ये खोली करून राहायची आणि रविवारीसुद्धा काहीतरी निमित्त काढून लॅबमध्ये यायची. मी तिला चिडवायचे. पण मला तरी तिथं दुसरं कोण होतं? घरी जायची नेकनूरची बस चुकली की मी तिच्याच खोलीवर भाकरी खायचे.

यंत्र बसवणाऱ्या इंजिनिअरनं समजावलं: पेशी बारीक धारेतून एकेक करून लेसरपुढून जातात, उजेड त्यांच्यावर पडून विखुरतो. पुढं किती गेला त्यावरून पेशीचा आकार कळतो, बाजूला किती फेकला गेला त्यावरून ती आतून किती दाणेदार आहे ते. रंग नको, काच नको.

"तोंड न बगताच वळखतंय व्हय?" आक्का म्हणाली. मी हसले. लॅबचे मालक डॉक्टर हसले नाहीत, ते आमच्या दोन खुर्च्यांकडं बघत होते.

नव्याचे नऊ दिवस म्हणून मी वाट पाहिली. मेलं यंत्र काही बिघडेना. मग एक दिवस डॉक्टर आक्काला म्हणाले, "आता वय झालं, घरी आराम करा." मी भांडले. यंत्राला शंका आली तर काच कोण बघणार?

"तुम्ही आहात की," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी आक्कानं आपणहून बाही वर केली. "माजं बी घाल गं त्यात. बगू तरी काय म्हणतंय."

मी रक्त काढून नळी यंत्राला लावली. कागद बाहेर आला. बोट ठेवायला कुठं जागा नव्हती.

"सगळं ठीक आहे, आक्का."

तिनं कागद लांब धरून पाहिला, बराच वेळ.

"ठीक हाय, तर मंग खोलीवर काहून बसू गं? तिथं कोनीच न्हाई."