पालथं घातलेलं चित्र

खळीचा वास मला अजून सहन होत नाही. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहिलं की आधी कच्चट, मग किंचित आंबूस आणि शेवटी उगाच भूक चाळवणारा जो वास येतो, तो नाकाशी आला की मी मंठ्याच्या त्या शाळेतल्या पत्र्याच्या खोलीत जाऊन पोचते. पौषातलं तिरपं ऊन खिडकीच्या गजांतून फरशीवर उतरलेलं असतं, बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस बाहेरच्या बाभळीच्या काट्यांना लटकलेला असतो, आणि मी पुठ्ठ्यांवर चित्रं चिकटवत बसलेली असते. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं लागत नाहीत. मी घालत नसे, कारण माझी मुलं चित्रं तोंडात घालायची. त्यामुळे आमच्या चित्रांच्या कडा कायम कुरतडलेल्या असत, निम्म्या झुरळांनी आणि निम्म्या मुलांनी.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. शाळा निवासी होती आणि कागदोपत्री मूकबधिर मुलांची होती. पण आसपास दुसरं काहीच नसल्यामुळे गावच्या शाळेनं दारातून परत पाठवलेलं प्रत्येक लेकरू आमच्याकडे येई. मी पुण्याहून वाणी शिकवण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून आले होते, आणि त्या एका वर्षाच्या जोरावर माझा तोरा दहा वर्षांचा होता. आरसा, मेणबत्ती, ओठांना लावायला मध आणि माझ्या गळ्यावर टेकवायला मुलाचा तळहात, एवढी माझी सामग्री. फुंकरीनं ज्योत हलली की ‘प’ जवळ आला असं मला शिकवलेलं होतं, आणि मुलांना ‘प’च्या पलीकडे काही म्हणायचं असेल अशी शंकाही मला आलेली नव्हती.

सुजाता आठ वर्षांची होती. जन्मल्यावर ती बराच वेळ रडली नव्हती. त्या न रडलेल्या काही मिनिटांनी तिचे हातपाय आणि जीभ कायमची तिच्या मर्जीबाहेर नेली होती. कान मात्र तीक्ष्ण, आणि समज माझ्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा, कधीकधी वाटतं माझ्याहूनही, अधिक. तिचे वडील कडुबा जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत कामाला होते. बियाण्याला औषध चोळून चोळून त्यांच्या बोटांवर चढलेला गुलाबी रंग कुठल्याच साबणानं जात नसे. येताना ते छपाई चुकलेल्या पाकिटांचा गठ्ठा शाळेसाठी घेऊन येत. वांगी, भेंडी, टमाटे, दोडके, सगळ्या भाज्यांना जरा जास्तच चकाकी. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलीला परत सोडायला आले तेव्हा ते उंबऱ्याशीच उभे राहिले आणि मला म्हणाले, “संक्रांतीपर्यंत ठेवतो, बाई. एक तरी शब्द येऊ द्या तिचा. न्हाई आला तर मंग घरीच बरी. तिच्या आईला पोरीबिगर घास जात न्हाई.”

तो एक शब्द काढण्यासाठी मी जिवाचा आटापिटा केला, म्हणजे खरं तर तिच्या जिवाचा. आरशासमोर तिला बसवून मी ‘आ’ म्हणे, ती मान वाकडी करून, घामानं भिजून, गळ्याच्या शिरा ताणून एक आवाज काढी, आणि मी मान हलवून पुन्हा ‘आ’ म्हणे. एकदा तर चिडून मी तिचा जबडा हातात धरला. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

मग एका दुपारी, जेवणाच्या वेळी, ते घडलं. वसतिगृहात त्या आठवड्यात रोज वांग्याची भाजी होती आणि मुलं कंटाळली होती. सुजाताच्या ताटाशेजारी जमिनीवर पाकिटांचा गठ्ठा विस्कटलेला पडला होता. तिनं आपला अनावर हात त्यातून ओढत नेला, दोन पाकिटं बाजूला सारली, वांग्याच्या पाकिटावर येऊन थांबली आणि बराच वेळ झगडून ते पालथं घातलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी काही न कळून पाकीट पुन्हा सरळ केलं. तिनं ते पुन्हा पालथं घातलं, आणि या खेपेला हसली, एखाद्या मंद मुलाला समजावताना आपण हसतो तशी. वर्षभर मी जिच्या तोंडून ‘आई’ काढायला बसले होते, तिचा पहिला शब्द ‘नको’ होता, आणि तो तिनं स्वतः घडवला होता.

त्यानंतरचे सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते असं मी म्हणते, आणि ते खोटं नाही. पाकिटं, जुन्या कॅलेंडरांची कात्रणं, काडेपेट्यांवरची चित्रं, मी स्वतः काढलेला वेडावाकडा संडास, पांघरूण, दुखणारा कान, सगळं पुठ्ठ्यावर चढलं. ‘बाई’ म्हणून मी माझा पासपोर्ट आकाराचा फोटो चिकटवला. एका खाकी पिशवीत ते सगळं तिच्या गळ्यात असे. हवं ते चित्र ती पुढे सरकवी, नको ते पालथं घाली. आणि ती किती बोलायची! सकाळी मला उशीर झाला की माझा फोटो आणि घड्याळ शेजारी ठेवून वाट पाहत बसायची. वसतिगृहाच्या मावशींशी तर तिचं भांडणही होई. मावशी पोळीचं चित्र पुढे करत, ती पालथं घाली, मावशी पुन्हा करत. मी कडुबांना पोस्टकार्ड टाकलं: सुजाता बोलू लागली आहे, येऊन पाहा. ‘बोलू’ या शब्दावर माझा हात क्षणभर अडखळला होता. पण कार्डावर जागा कमी होती आणि अभिमान पुष्कळ. त्यांचं उत्तर आलं, संक्रांतीच्या आधी सुट्टी मिळेल त्या रविवारी येतो.

याच सुमारास जालन्यात शैक्षणिक साहित्याचं जिल्हा प्रदर्शन भरणार असल्याचं पत्र आलं. आमच्याकडे साहित्य म्हणजे काय, हे कुठल्याही शाळेत काम केलेल्या माणसाला सांगायला नको. ते मुलांच्या हातात असलं की वाया जातं आणि कपाटात असलं की शाळेचं नाव राखतं. तपासणीच्या आदल्या दिवशी ते काढून पुसायचं, दोऱ्यांनी भिंतीवर टांगायचं, आणि साहेबांची गाडी वळली की मोजून पुन्हा कुलपात. या पद्धतीवर मी शिक्षकखोलीत भरपूर तोंडसुख घेत असे. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुमची ती चित्रं न्या, पहिला नंबर कुठे जात नाही. मी एकदाही नाही म्हटलं नाही.

तीन रात्री बसून मी ती चित्रं सजवली. कुरतडलेल्या कडा कापून टाकल्या, मखमली कागदाची चौकट चढवली, खाली स्केचपेननं ठसठशीत नावं घातली. वांग्याचं ते पहिलं पाकीट फारच चुरगळलेलं आणि लाळेनं फुगलेलं होतं, तेव्हा ते फेकून नवं वांगं रंगवलं. देठावर प्रकाशाचा एक सुरेख ठिपका दिला. दुसऱ्या संचाला वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे दुसरा संच करावा हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी सुजाताच्या गळ्यातली पिशवी काढली. आत उरलेली चार-दोन चित्रं होती, माझा फोटो होता. तिनं पट्टा धरून ठेवला. तिची मूठ एकदा मिटली की सोडवणं कठीण. मी एकेक बोट सोडवलं आणि लाडानं म्हणाले, सोमवारी आणते, तुझंच कौतुक होणार आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली. नको म्हणायला तिला एक चित्र लागायचं, आणि चित्रं सगळी माझ्या हातात होती.

जालन्यातल्या त्या सभागृहात आमच्या टेबलाशी गर्दी हटत नव्हती. लोखंड तापल्याचा तो वास, जो एमआयडीसीकडून वारा सुटला की साऱ्या गावावर पसरतो, खिडक्यांमधून आत येत होता, आणि मी पाहुण्यांना वांग्याची गोष्ट सांगत होते. प्रत्येक खेपेला गोष्ट थोडी सुधारत होती. रविवारी दुपारी पहिला नंबर जाहीर झाला. प्रशस्तिपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ. त्याच सकाळी, माझ्या टेबलापासून दोन-अडीच कोसांवर राहणारे कडुबा पहाटेची एसटी पकडून मंठ्याला पोचले होते.

पुढचं मला मावशींनी सांगितलं, आणि सांगताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. कडुबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते मुलीसमोर मांडी घालून बसले आणि बोल म्हणाले. सुजातानं गळ्याशी हात नेला, मग फरशीवर, जिथं रोज चित्रं मांडलेली असत तिथं, हात सरकवायला सुरुवात केली. इकडून तिकडे, पुन्हा इकडे. रिकामी फरशी चाचपताना ती मोठमोठ्यानं आवाज करू लागली, रडू लागली. वडिलांना वाटलं झटका आला. मावशींनी चित्रांचं समजावून सांगायचा प्रयत्न केला, कपाटही उघडून दाखवलं. त्यात टांगायच्या दोऱ्या तेवढ्या होत्या. कडुबा म्हणाले, “चित्रं तर आमच्या कंपनीत पोत्यानं पडलेली असतेत, मावशी. मला पोरीचं बोलणं ऐकायचं व्हतं.” दुपारच्या गाडीनं ते तिला घेऊन गेले.

पुढच्या रविवारी मी पिशवी घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. कंपनीच्या मागच्या रांगेत एक पत्र्याची खोली, दारात कोरांटीचं रोप, आत औषध चोळलेल्या बियाण्याचा गोडसर, घशाला लागणारा दर्प. कडुबांनी रागाचा एक शब्द काढला नाही. त्यांनी रागवावं म्हणूनच मी गेले होते की काय कोण जाणे. सुजाता भिंतीला टेकून पोत्यावर बसली होती. तिची आई स्टोवर चहा ठेवत होती. मी म्हणाले, फक्त पाच मिनिटं पाहा, आणि मखमली चौकटींची ती देखणी चित्रं तिच्यापुढे मांडली.

तिनं ती पाहिली. नव्या वांग्यावरून तिची नजर ओळख न पटल्यासारखी पुढे गेली. मग हात निघाला. तोच थरथरता, वाट चुकणारा हात, पोळीवरून, पाण्यावरून, घड्याळावरून ओढत माझ्या फोटोपाशी आला. माझं काळीज सुपाएवढं झालं, हे मला लपवायचं नाही. मला वाटलं ती मला जवळ ओढणार. तिनं नखानं फोटोची कड उचलली, दोनदा ती निसटली, तिसऱ्यांदा पुठ्ठा उभा राहिला, आणि तिनं मला पालथं घातलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी ती हसली नाही.

तिच्या आईनं स्टो बंद केला. खोली एकदम शांत झाली. कडुबा पुढे वाकले आणि, मुलीच्या त्या धडपडीत काहीतरी आहे हे आयुष्यात पहिल्यांदाच जाणवल्यासारखं, अगदी हळू विचारलं, “काय म्हणून राह्यली ती, बाई?”

मी म्हणाले, “काही नाही. दमली आहे.”

त्यांनी मान हलवली. चहा झाला. मी निघताना त्यांनी चित्रं एकेक करून गोळा केली, महागाची दिसतेत म्हणाले, पालथा फोटो उचलून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि सरळ करून सगळ्यांत वर ठेवला. शिवाय नव्या पाकिटांचा एक गठ्ठा दिला, दुसऱ्या लेकरांसाठी. सुजातानं तोपर्यंत मान भिंतीकडे वळवली होती.

पुन्हा जाऊन खरं सांगायचं मी ठरवलं होतं. त्यानंतरचे बरेच रविवार मी ते ठरवत राहिले. होळीनंतर गेले तेव्हा खोलीला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ते पिंपळगाव रेणुकाईला गेले, पोरीच्या आजोळी. तिथं मी गेले नाही. भोकरदन तालुका काही परदेश नव्हता, एसटी रोज जात होती.

पुढे मी निवृत्त झाले. चित्रांवरून बोलण्याच्या पद्धतीला मोठं नाव आहे, तिची छापील संचपुस्तकं मिळतात, हे मला फार उशिरा कळलं. आता शाळांमध्ये प्रशिक्षणं होतात आणि कधीकधी मला तिथं बोलावून पहिल्या प्रयोगाविषयी बोलायला सांगतात. मी वांग्याच्या पाकिटापासून सुरुवात करते आणि पहिल्या नंबरापर्यंत आणून सोडते, टाळ्या होतात. घरी आले की मात्र त्या खोलीतली शांतता पुन्हा ऐकू येते, स्टो बंद केल्यानंतरची. दोन माणसं श्वास रोखून बसली होती, आपल्या मुलीचा शब्द ऐकायला. तिनं तो स्पष्ट उच्चारला होता, आयुष्यातला सगळ्यात स्पष्ट शब्द, आणि त्या खोलीत तो समजणारी एकटी मीच होते. ‘बाई नको म्हणते आहे’ एवढंच सांगायचं होतं. त्या दोघांना कळलं असतं की लेक बोलते. तेवढं माझ्यानं म्हणवलं नाही, आणि माझी जीभ तर धड होती.