नऊ वर्षांनी आलेला वास

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मोबाईलवर लोकांचे अनुभव येतात, ते मी भाजी निवडता निवडता वाचते आणि मनात म्हणते, झोपेत पाहिलं असेल. आता माझ्याजवळच एक गोष्ट आहे... तिच्यात भूत नाही, नुसता एक वास आहे. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून वहीत लिहिते.

आम्ही मूळचे आटपाडीकडचे. इथे कोलकात्यात, बऊबाजारच्या एका गल्लीत, आमचे हे सोन्याची गलाई करतात — म्हणजे जुनं सोनं तेजाबात घालून शुद्ध करायचं. त्या वाफेनं नऊ वर्षांपूर्वी ह्यांना वास येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, परत यायचा नाही. तेव्हापासून दूध नासलं का, शर्ट धुवायचा झाला का, सगळं मला हुंगायला लावतात. "माझं नाक देवानं तुझ्या तोंडावर बसवलंय," म्हणतात.

आमच्या जुन्या गाडीची बॅटरी दोनदा बसली. म्हणून ह्यांनी व्होल्टमीटर आणला, बॅटरीत किती जोर आहे ते दाखवणारा काट्याचा गोल मीटर. मी म्हटलं, "गॅरेजवाल्याकडून बसवून घ्या."

"मी सोनं जोडतो, मला वायर जोडता येणार नाही?"

चैत्रातला शनिवार होता. हे गाडीत वाकलेले, मी टॉर्च धरून उभी. ह्यांनी थेट बॅटरीवरून वायर घेतली, इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून आत ओढली आणि मीटरला झाळून अशी जोडली, की दागिना असावा. पण ओढताना ती वायर पत्र्याच्या काठाला करकरत होती. मला वाटलं, इथे काहीतरी मऊ घालायला हवं... कापडाची कडही आपण दुमडून शिवतो. पण बोलले नाही. चौथी शिकलेल्या बाईनं गाडीतलं काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी बराकपूरला निघालो. आमचे जावई फौजेत, लेक तिथेच असते. तिची चार वर्षांची चिऊ आठवडाभर आमच्याकडे होती, तिला पोचवायचं होतं. ती मागच्या सीटवर झोपली होती. मागची दारं आतून उघडत नाहीत, पोरीसाठी तसंच लॉक करून ठेवलेलं. मीटरचा काटा छान उभा होता. हे दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे बघत होते.

सोदपूर मागे पडलं आणि हे एकदम म्हणाले, "दूध लागलंय."

"काय?"

"बुडाला लागलेल्या दुधाचा वास येतोय."

मला हसू आलं. "तुम्हाला? वास?"

"अगं, खरंच येतोय गं!"

मी जोरात श्वास घेतला. काही नाही. माझं नाक इतकं तिखट, की शेजारच्या घरात हिंग पडला तरी कळतं. मनात आलं, घरी गॅस चालू तर राहिला नाही? शेजारणीला फोन केला. तिच्याकडे आमची किल्ली असते. तिनं जाऊन पाहिलं. गॅस बंद, पातेलं घासून पालथं.

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं. रस्त्याच्या कडेला मिठाईचं दुकान दिसलं, तिथेच गाडी लावली. "इथूनच येतोय. चल, उतर!"

"जळकं दूध विकतात होय इथे? लेक जेवायची थांबलीय."

"नऊ वर्षांनी वास येतोय आणि तुला जेवणाचं पडलंय!"

गाडी बंद केली तसा एसी बंद झाला, म्हणून मी चिऊला उचलून घेतलं. नाहीतर तिला झोपूच दिलं असतं.

दुकानाचं शटर खाली होतं. ओट्यावर पडलेला माणूस म्हणाला, "चूल्हा पाँच बजे जलेगा, दादा."

हे शटरजवळ नाक नेऊन उभे. मी वळून पाहिलं, तर गाडीच्या काचेआड धूर.

समोरच्या गॅरेजमधला मिस्त्री पाना घेऊन धावत आला आणि त्यानं बॅटरी सोडवली. तोवर मीटर वितळला होता, पुढची सीट जळून काळी झाली होती. मिस्त्रीनं वायर ओढून दाखवली. पत्र्यानं ती सोललेली.

"जोड़ तो एक नंबर है, दादा. लेकिन फ्यूज कहाँ है? छेद में रबर कहाँ है?"

ह्यांनी गाडी त्याच्याच गॅरेजमध्ये ठेवली. पुढे रिक्षानं गेलो. चिऊला मी लेकीच्या घरापर्यंत खाली ठेवलं नाही.

कपड्यांना जळक्या प्लास्टिकचा वास बसलेला, म्हणून मी नाकाला पदर लावला होता. हे हळूच म्हणाले, "वास येतोय का गं?"

"तुम्हाला?"

"नाही. गेला."

तो गेला तो गेलाच. दूध कुठलं, ह्यांनाच वास कसा आला, धूर व्हायच्या आधी कसा आला, कुणालाच सांगता आलेलं नाही. मी विचारही सोडून दिलाय. फक्त आता काही वाटलं, की बोलून टाकते.

गेल्या महिन्यात चिऊ पुन्हा आली होती. एका सकाळी मी मुद्दाम दूध गॅसवर ठेवलं आणि लागू दिलं. हे शेजारीच बसून मोबाईल बघत होते. म्हणाले, "चहा होतोय ना?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून ओरडणं ऐकू आलं, "आजी, दूध जल गया!"

पातेलं घासायला अर्धा तास लागला. सुखानं घासलं.