ओवीचा हलता दात

शाळेत किस्से जमवावे लागत नाहीत. माझ्या पर्समध्ये खडूचे तुकडे जसे आपोआप साठतात, तसेच तेही साठतात आणि घरी पर्स झटकली की बाहेर पडतात. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, मी पर्स जरा जास्तच झटकते. असो.

मी पिपरी मेघे गावात दुसरीच्या वर्गाला शिकवते. यंदाचे बहुतेक किस्से एकाच मुलीचे आहेत. तिचं नाव ओवी. तिचे पप्पा म्हणजे मनोजभाऊ. बोरगाव मेघेत त्यांचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, पण दुकानापेक्षा त्यांचं व्हिडिओंचं चॅनल जोरात चालतं. चॅनलचं नाव 'टुकटुक फॅमिली'. फॅमिलीत आई, पप्पा आणि ओवी असे तिघं. कामाला एकटी ओवी.

*

पहिल्या दिवशी मी हजेरी घेत होते. मुलं 'हजर मॅडम' म्हणून खाली बसत होती. ओवीचं नाव आलं. ती उभी राहिली, केस मागे सारले आणि म्हणाली, "नमस्कार मित्रांनो, मी तुमची लाडकी ओवी, आणि तुम्ही पाहताय टुकटुक फॅमिली!"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "नमस्कार ओवी!"

मी वीस वर्षं शिकवते आहे. इतक्या एका सुरात कुठल्याच वर्गानं मला कधी 'एक साथ नमस्ते'सुद्धा म्हटलेलं नाही.

*

मधल्या सुट्टीत ओवी पडली. दोन्ही गुडघे सोलले, चांगलं रक्त आलं. मी धावत गेले तर पोरगी जमिनीवर शांत बसलेली. डोळे भरलेले, ओठ थरथरत होते, पण रडू नाही. इकडेतिकडे पाहत होती.

"लागलं का गं बाळा?"

"हो मॅडम. आता रडू का?"

"अगं, रडायचं असेल तर रड ना. विचारतेस कशाला?"

"पप्पा म्हणते, थांब जरा, मोबाईल घेऊ दे."

आमच्या शेंडे मावशी शाळेत खिचडी शिजवतात. त्या मागेच हळद घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "रड व माय, रड. इथं कोणाजवळ मोबाईल नाई." मग ती रडली. बराच वेळ रडली. मागचंही बाकी असावं.

*

ओवीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं, तेव्हा मीही गेले. मी काही फार धुतल्या तांदळासारखी नाही. नवी साडी नेसले होते. केक तीनदा कापला. पहिल्यांदा फुगा मध्ये आला, दुसऱ्यांदा ओवी हसली नाही. तिसऱ्या वेळेपर्यंत केकवरच्या क्रीमची लापशी झाली होती आणि मुलं ताटल्या घेऊन भिंतीला टेकली होती. मनोजभाऊंनी माझ्याकडे मोबाईल वळवला. मी म्हणाले, "ओवी आमच्या वर्गाची शान आहे." घरी येऊन तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. सासूबाईंनाही दाखवला.

दोन दिवसांनी मंगळवारी हजेरीपटावर नजर गेली. ओवीची जन्मतारीख त्या दिवसाची होती. पोरगी रोजच्या युनिफॉर्ममध्ये गप बसलेली. मी म्हटलं, "ओवी, अगं तुझा वाढदिवस आज आहे ना?"

"झाला मॅडम. रविवारीच अपलोड केला."

*

चित्रकलेच्या तासाला विषय दिला, 'माझं कुटुंब'. ओवीनं घर काढलं, आई काढली, स्वतःला काढलं, दारातली तुळस काढली. मी विचारलं, "आणि पप्पा कुठे आहेत?"

तिनं कागदाच्या बाहेर, म्हणजे मी उभी होते तिथं बोट दाखवलं. "पप्पा शूट करून राह्यले."

*

सहलीची बस जाम गावच्या चौकात चहापाण्याला थांबली. मुलं रांगेनं उतरली. तिथे टपरीजवळ एक बाई उभी होती, चांगल्या घरची, गाडीतून उतरलेली. तिनं ओवीला ओळखलं. गालाला हात लावला, फोटो काढला आणि अख्ख्या रांगेसमोर प्रेमानं विचारलं, "काय गं पिल्लू, अंथरूण ओलं करणं बंद झालं का तुझं?"

रांग हसली. दुसरीची मुलं ती, हसणारच. ओवी मात्र हसली नाही, रडलीही नाही. मोठ्या माणसासारखी म्हणाली, "ते जुन्या व्हिडिओत आहे काकू. आता नाई होत."

पुढचा सगळा प्रवास ती माझ्या शेजारी बसली. खिडकीतून बाहेर पाहत तिनं एकच विचारलं, "मॅडम, जुने व्हिडिओ कवा मिटते?" मला वाढदिवसाला नेसलेल्या माझ्या नव्या साडीची लाज वाटली.

*

पालकसभेत मी मनोजभाऊंना बाजूला घेतलं. म्हटलं, भाऊ, पोरीचं थोडं काही घरात राहू द्या. माणूस वाईट नाही. पोरीला ताप आला तर दुकान बंद करून उशाशी बसतो. फक्त दुसऱ्या हातात मोबाईल असतो.

ते म्हणाले, "मॅडम, लोक जीव लावते तिले. एक दिवस व्हिडिओ नाई टाकला त विचारते, ओवी कुठं गेली? मी म्हणतो, तुमचा वर्गच एक दिवस घेऊन टाकू. शाळेचीबी पब्लिसिटी होते."

मी मदतीसाठी हेडसरांकडे पाहिलं. हेडसर कॉलर नीट करत होते.

*

मग ओवीचा दात हलायला लागला. पहिला दात, खालचा, पुढचा.

आमच्याकडे पडलेला दात कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर फेकतात आणि उंदराला सांगतात, माझा घे, तुझा दे. मनोजभाऊंचं घर स्लॅबचं. म्हणून त्यांनी थर्माकोलचं छप्पर करून घेतलं, त्यावर गेरूनं कवेलू रंगवले, वर कापडाचा उंदीर बसवला आणि चॅनलवर जाहीर करून टाकलं की येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता ओवीचा दात पडणार आहे.

दाताला कोणी विचारलं नव्हतं.

आठवडाभर ओवी एका बाजूनं जेवत होती. मला वाटलं दुखत असेल. विचारलं तर म्हणाली, "पप्पानं सांगतलं, सांभाळजो. रविवारपर्यंत पडू देऊ नको." मग आवाज बारीक करून म्हणाली, "मॅडम, मले व्हिडिओत तोंड उघडून नाई दाखवाचं. सगळे पाह्यते."

शनिवारी सकाळी वर्ग पाचचा पाढा म्हणत होता. पाच सक तीस झालं आणि ओवी थांबली. तोंडावर हात ठेवून माझ्याकडे आली. तळहातावर तांदळाएवढा दात होता.

मी तिला घेऊन शेंडे मावशींकडे गेले. आमची शाळा स्लॅबची, पण मावशींची खिचडीची खोली जुनी, कवेलूची. मावशींनी दात पाहिला, ओवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फेक वर. मागच्या बाजूनं फेकजो, तिकडे उंदीर लय आहे."

ओवी मागच्या बाजूला गेली. हात उचलला, मग खाली घेतला.

"मॅडम, तुम्ही तिकडे तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"मावशी, तुम्हीबी."

मावशींनी हातातला झारा घेऊन भिंतीकडे तोंड केलं. आम्ही दोघी बायका, मिळून वय शंभराच्या वर, भिंतीचा चुना पाहत उभ्या होतो. मागे ती उंदराशी काहीतरी बोलली. बरंच बोलली. मग कवेलूवर बारीकसा टक् आवाज आला.

सोमवारी सकाळी मनोजभाऊ शाळेत आले. हातात काठी, काठीवर मोबाईल, मोबाईल चालू. "मित्रांनो, आपण ओवीच्या शाळेत आलो आहोत," असं म्हणत ते थेट खिचडीच्या खोलीपर्यंत आले. तिथे मी डब्यातले उरलेले तांदूळ मोजत होते. मला पाहून त्यांचा आवाज उतरला.

"मॅडम, पोट्टी शनिवारपासून तोंड उघडून नाई राह्यली. पाणीबी नळीनं पिऊन राह्यली. काल लाइव्हमधे अर्धा घंटा ओठ मिटून बसली. दात पडला, एवढं समजलं. कसा पडला, कुठं पडला, काहीच सांगत नाई. तुम्ही त पाह्यलं असन?"

"नाही भाऊ. मी भिंतीकडे पाहत होते."

त्यांनी मोबाईल मावशींकडे वळवला. "मावशी, तुम्ही?"

"मीबी भितीकडेच."

"दोघीबी भितीकडे? काऊन?"

"तिनं सांगतलं होतं," मावशी म्हणाल्या आणि खिचडी ढवळायला लागल्या.

मनोजभाऊ एकदा भिंतीकडे पाहत होते, एकदा आमच्याकडे. तेवढ्यात ओवी दारात येऊन उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले. पप्पांकडे पाहत ती ओठांच्या फटीतून बोलली.

"पप्पा, मोबाईल मॅडमजवळ द्या. मग तुमाले दाखवते. एकट्याले."

मग त्यांनी काठीसकट मोबाईल माझ्या हातात दिला आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

मोबाईल अजून चालूच होता. मी तो तांदळाच्या डब्यावर उपडा ठेवला. मावशींनी झारा उचलला. आम्ही दोघींनी भिंतीकडे तोंड केलं.