भत्ता की कार्ड

आमच्या दाजींइतका निरोगी आणि तरीही इस्पितळांचा एवढा माहितगार माणूस अख्ख्या साताऱ्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. पोस्टात सगळा जन्म काढला, पण आजारपणाची रजा कधी घेतली नाही, आणि हे ते भेटेल त्याला सांगत. कुठलीही गोष्ट पारखल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा. छत्री घेताना दुकानदाराला ती नळाखाली धरायला लावत. अक्काला बघायला आले तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी गोडं की मचूळ याचीच चौकशी करत बसले. अक्काकडे बघायचं राहिलं, म्हणून पुन्हा यावं लागलं.

असा माणूस निवृत्तीला आला आणि कचेरीनं त्याच्या हातात फॉर्म दिला. पेन्शनीबरोबर दरमहा औषधपाण्याचा भत्ता घ्या, नाहीतर नवराबायकोसाठी सरकारी आरोग्य योजनेचं कायमचं कार्ड. दोन्हींतलं एकच.

"मला काय धाड भरलीया? भत्ताच घेनार," दाजी म्हणाले. पण न पारखता कार्ड नाकारायचं तरी कसं? मग शिल्लक किरकोळ रजा काढून, डबा घेऊन, ते योजनेच्या यादीतल्या एकेका इस्पितळात जाऊन बसू लागले. एका ठिकाणी नर्सनं पेशंट समजून त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. काटा दोन किलो पुढं आहे, हे तिला पटवूनच दाजी खाली उतरले.

सांगलीला मी बरोबर होतो. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते.

"आवं काका, कार्ड चालतंय का हितं?" दाजींनी विचारलं.

"चालतंय की. पर माज्याकडं न्हाई." तेही सरकारी नोकरीतलेच निघाले. "भत्ता घेतला. म्हटलं, मला काय हुतंय? आन् खरंच, मला काय झालं न्हाई. हिला झालं."

दाजी त्यांच्या शेजारी बसले. डबा उघडून अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत दाजी खिशातला फॉर्म काढून पुन्हा पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, "पाव्हणं, तुमची अक्का कवा आजारी पडल्याली आठवतीया का वो?"

मला आठवेना.

घरी पोचताच त्यांनी कार्डापुढच्या चौकटीत खूण केली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "तुला काय दुखतंय का गं?"

अक्का आधी हसली. मग परात बाजूला सारून सांगू लागली. गुडघा, मान, डाव्या हाताची बोटं. दाजी सगळं कागदावर टिपून घेत होते.

"गुडघा कवापासनं?"

"धाकटीच्या लग्नापासनं."

दाजींचं पेन थांबलं. त्यांच्या धाकट्या लेकीचा मुलगा आता चौथीत आहे.