म्हातारा अजून जेवतोय

कुणीही काहीही सांगायला लागलं की बाई उजव्या हाताचा पंजा वर करायच्या, चौकातला पोलीस करतो तसा. "थांब. जरा मागे जा."

मग सांगणाऱ्याला मागे जावंच लागायचं. एकदा मासळीवाली त्यांच्या ओट्यावर बसून जावेची तक्रार करत होती. जाऊ भांडून माहेरी निघून गेली, इथवर ती आली आणि पंजा वर झाला. "जाताना तिने गॅसवरचं कालवण उतरवलं होतं की तसंच ठेवून गेली?"

मासळीवाली विचारात पडली. "उतरवलं होतं. वर झाकणपण ठेवलं होतं."

"मग येईल परत," बाई म्हणाल्या आणि बोंबील निवडू लागल्या.

चौकशा करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना बातमी हवी असते. बाईंना बातमीत रस नव्हता, त्यांना ते झाकण हवं असायचं.

राजोडीजवळच्या आमच्या ख्रिस्ती आळीत त्यांचं घर आणि माझं घर लागून आहे, मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण. मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला. दर वर्षी दिवाळी अंकांत त्यांच्या एक-दोन कथा यायच्या. त्या हाताने लिहायच्या आणि मी टाइप करायचो, कारण सातिवलीच्या एका छपाईच्या गाळ्यात माझं तेच काम. त्यामुळे त्यांचा पहिला वाचक मी.

त्यांच्या कथांत शेवटी कुणीतरी जायचंच. मरायचं, नाहीतर गाव सोडायचं. माझी बायको वैतागायची. "बाई, एकाला तरी सुखाने घरी आणा की!"

"मी दार उघडंच ठेवते गं," बाई म्हणायच्या. "तोच येत नाही."

मग करोना आला. माझा गाळा बंद झाला आणि बाईंचं लिहिणंही. वेळच वेळ होता, कुणी त्रास देणारं नव्हतं. आता तर झपाट्याने लिहितील असं मला वाटलं होतं. पण मी कुंपणापाशी गेलो की त्या नुसत्या ओट्यावर बसलेल्या दिसायच्या.

"माणसंच नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि जी दिसतात त्यांची तोंडं झाकलेली. ओठ दिसल्याशिवाय माणूस थापा मारतोय हे कसं कळणार?"

काही दिवसांनी त्यांनी फोन हातात घेतला. जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन लावायला लागल्या. कसे आहात वगैरे उरकलं की प्रश्न सुरू. आज खिडकीतून काय दिसलं? भांडण झालं का? कशावरून? त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. अर्धी आळी ऐकायची.

त्यांतला एक विद्यार्थी तुळिंजला राहायचा आणि रिक्षा चालवायचा. रिक्षा उभी होती आणि तो, बायको, मुलं आणि म्हातारे वडील एका खोलीत कोंडले होते. "बाई, आमच्यात खिडकीवरून भांडणं होतात," तो म्हणाला. "एकच आहे. पाळी लावलीय बसायची."

पंजा वर झाला. समोर माणूस नव्हता तरी झाला. "थांब. पाळी कुणी लावली?"

त्या खिडकीची कथा त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहायला घेतली. त्यात एक कुटुंब, एक खिडकी आणि आपली पाळी दरवेळी नातवंडांना देऊन टाकणारा म्हातारा. चार पानं झाली की दुपारी त्या रिक्षावाल्याला फोन करून वाचून दाखवायच्या. चुकलं असेल तर तो सांगणार, असं ठरलं होतं. हळूहळू त्याचं सगळं घर फोनभोवती बसू लागलं आणि सगळ्यांत पुढे वडील. त्यांनी जन्म मिठागरात काढलेला. ते मधूनच म्हणायचे, "बाय, त्या म्हाताऱ्याला पानी कोन देनार? सकाळपासून तसाच बसलाय."

पानं माझ्याकडे देताना बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, "म्हातारा जाणार. खिडकी त्याला मिळणार, पण उशिरा." बाईंची ती सगळ्यांत चांगली कथा होणार होती.

आणि त्या आठवड्यात रिक्षावाल्याचा फोन आला. वडिलांना ताप होता, दम लागत होता. त्यांना कोविड सेंटरला नेलं होतं आणि बाकीच्यांना घराबाहेर पडायची मनाई. "फोन त्यांच्याजवळ दिलाय बाई. ते विचारतायत, आज गोष्ट नाही का?"

बाई कुंपणापाशी आल्या. चेहरा उतरला होता.

"म्हातारा जगतो असं लिहून टाका," मी म्हणालो.

"ते काय लहान मूल आहेत? खोटं लगेच ओळखतील."

"मग तब्येत बरी नाही म्हणून सांगा. वाचूच नका."

"म्हणजे ते काय समजतील? म्हातारा गेला, असंच ना?"

त्या दुपारी बाईंनी वाचलं त्यात म्हातारा जेवायला बसतो. भात आणि सुकटीचं कालवण. बस, एवढंच.

फोनवर वडिलांचा श्वास जोरात ऐकू येत होता. "कालवन कसं झालंय, बाय? मला चवच कळत नाय. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं. तुम्ही नीट सांगा, कसं लागतं ते."

अनेक वर्षं लिहिणाऱ्या त्या बाईंना सुकटीची चव सांगता येईना. फोन ठेवल्यावर त्या उठल्या, सुकट काढली, भाजली, कोकम घालून कालवण केलं आणि एकेक घास तोंडात धरून लिहीत बसल्या. दुसऱ्या दिवशीच्या पानांत पहिला घास होता: आधी खारटपणा जिभेच्या टोकाला, मग कोकमाचं आंबट गालांच्या आत, आणि गिळल्यावर उरलेला धुराचा वास.

"आता कळलं," पलीकडून आवाज आला.

"अजून जेवतोय तो," बाई म्हणाल्या. "उद्या पापड आहे."

तेव्हापासून त्या कथेत काही घडेचना. म्हातारा जेवायचा. लसूण सोलायचा. चष्मा शोधायचा. बाई रोज काहीतरी शिजवायच्या आणि चाखून लिहायच्या. वाटीभर कुंपणावरून आमच्याकडे यायचं. सेंटरमध्ये बाजूच्या खाटेवरचा माणूसही ऐकायला लागला होता. तो मध्येच ओरडायचा, "पापडावर थोडा कांदा टाका!" बाई टाकायच्या.

एका दुपारी वडील म्हणाले, "बाय, बाजूचा नाय आज. खाट मोकळी हाय." मग म्हणाले, "आज मला एकट्यालाच सांगा."

बाईंनी हातातली पानं खाली ठेवली आणि तोंडीच सांगायला सुरुवात केली. म्हाताऱ्याने केळं सोललं. वेलची केळं, साल पातळ. त्या दिवशी ते केळं संपायला खूप वेळ लागला. मी कुंपणापलीकडे उभा होतो. मला मध्येच निघून जाता आलं नाही.

वडील घरी आले. तब्येत पुरती सुधारली नाही, दम लागायचा तो लागायचाच, पण खोलीत, आपल्या माणसांत आले. त्यांनी स्वतः फोन केला. "बाय, चव आली थोडीथोडी." मग हसत म्हणाले, "माझं ऐका, आता मारा त्याला हवं तर. मला ठाव हाय, तुम्ही मारनारच होता. मी आजारी म्हनून थांबलात."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की माझी बायको बाहेर आली.

पण त्यांना तो मारता येईना. त्यांनी खरंच प्रयत्न केला, मी ती पानं पाहिली आहेत. "मला शेवट माहीत होता," त्या म्हणाल्या. "माझ्या सगळ्या कथांचे शेवट मला आधीच माहीत असायचे. याचा नाही. किती मजेशीर आहे रे हे!" पासष्टी उलटलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर नवा खेळ सापडलेल्या पोरीसारखा आनंद होता.

पुढच्या दिवाळीत ती कथा एका अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला, "बाई, भाषा उत्तम आहे. पण यात काही घडतच नाही."

"मला ते जमायला एवढं वय जावं लागलं," बाई म्हणाल्या. कथा छापून आली.

सगळं सुरळीत झाल्यावर मी म्हणालो, "चला, स्कूटरवरून तुळिंजला नेतो तुम्हाला. भेटा एकदा त्यांना." सगळ्या जगाची चौकशी करणाऱ्या बाई चक्क नको म्हणाल्या. "मी त्यांना पाहिलं की माझा म्हातारा त्यांच्यासारखा दिसायला लागेल. छापलं ते छापलं, त्याचं अजून थोडं लिहायचंय." फोनवर मात्र बोलत राहिल्या, जवळजवळ रोज.

गेल्या वर्षी बाई गेल्या. दुपारी पडल्या होत्या, उठल्याच नाहीत. मुलगी नाशिकहून आली. तुळिंजला फोन मीच केला.

घरी प्रार्थना चालू असताना रिक्षा आळीत शिरली. रिक्षावाल्याने वडिलांना धरून आत आणलं. बारीक, सुकलेला माणूस, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. ते शवपेटीपाशी उभे राहिले आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मागे माणसं खोळंबली होती, पण कुणी त्यांना पुढे सरका म्हणालं नाही.

"आवाज तरना होता," ते मला म्हणाले. "मला वाटलं, केस काळे असतील."

चर्चपर्यंत सगळे चालत निघाले. त्यांना तेवढं चालवत नव्हतं, म्हणून मुलाने त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि रिक्षा माणसांच्या मागे घेतली. पहिल्या गिअरमध्ये, चालणाऱ्यांच्या वेगाने ती येत राहिली. म्हातारा बाजूचा दांडा धरून बाहेर वाकला होता आणि इतक्या माणसांच्या डोक्यांवरून पुढची पेटी दिसते का ते बघत होता.